तंबाखू मळून होईस्तोवर

आमच्या भागात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. ती ऐकली की मला आधी हसू फुटतं आणि मग लाज वाटते. गोष्ट अशी, की आमच्या गावच्या टेलरच्या धाकट्या लेकीची सोयरीक मी मुद्दाम अडवली. शिरड शहापूरच्या पाहुण्यांची परीक्षा घेतली. पोरगं पोरीसाठी तग धरतं का ते पाहिलं आणि खात्री पटल्यावर स्वतः जाऊन सुपारी फोडून आलो.

परवा कुरुंद्याला दाढीला बसलो होतो. न्हाव्यानं माझ्या गालाला साबण लावला आणि हीच गोष्ट मलाच सांगितली. वर म्हणाला, "काय डोकं म्हणावं त्या म्हाताऱ्याचं! असं डोकं आता होणे न्हाई." तोंडाला फेस होता म्हणून मी बोललो नाही. फेस पुसल्यावरही बोललो नाही, हे माझं खरं दुखणं.

म्हणून आता लिहूनच टाकतो. मी कोणाची परीक्षा घेतली नाही. मी चुकलो होतो. आणि साधा चुकलो असतो तर गोष्ट निराळी. मला ठाऊक नव्हतं ते ठाऊक असल्यासारखं ठोकून दिलं, तेही केवळ समोरच्याची तंबाखू मळून होत आली म्हणून.

सुरुवात मात्र हट्ट्याच्या लग्नापासून करावी लागेल.

हट्ट्याला माझ्या एका जुन्या सोबत्याच्या नातवाचं लग्न होतं. बायको बायकांबरोबर जीपमधून आधीच गेली. मी मागून मोटारसायकलवर कोणाच्या तरी पाठीशी बसून गेलो. मांडव दिसला, बँड वाजून राहिला होता, घुसलो. नवरदेवाच्या तोंडावर मुंडावळ्या आणि डोळ्यांवर काळा गॉगल, कोण ओळखणार? मी त्याच्या हातात शर्ट-पॅन्टच्या कापडाचा आहेर दिला. कोणी तरी मला टोपी घातली, टॉवेल दिला. मान मिळाला की मला राहवत नाही. मी माइक हातात घेतला आणि भाषण केलं. म्हणालो, "ह्या पोराच्या आजोबानं अन् मी एका विहिरीवर काम केलं. ह्याच्या आजोबासारखा माणूस सगळ्या तालुक्यात न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुंदी दोनदा घेतली. वांग्याच्या भाजीचं कौतुक आचाऱ्याला भेटून केलं.

घरी आल्यावर बायको दारातच उभी. "कुठं होता तुमी?"

"कुठं म्हणजे? लग्नात."

"कोणाच्या?"

म्हटलं, हिला काय झालं. "अगं, वांग्याची भाजी काय झाली होती!"

"वांग्याची?" ती म्हणाली. "आमच्यात तर वरण अन् बटाट्याची होती."

हट्ट्याला एकाच रस्त्यावर, एकाच मुहूर्ताला दोन मांडव होते आणि दोन्हीचं कापड एकाच डेकोरेशनवाल्याचं होतं. मी ज्याला आशीर्वाद देऊन आलो तो नवरदेव कोणाचा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आजोबानं आणि मी कोणतीही विहीर खणली नव्हती. बायको आधी हसली. हसता हसता खाली बसली. मग तिनं मुलाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मुलानं मला वसमतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई नातीच्या वयाच्या. त्यांनी शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ते मी भराभर केलं. मग म्हणाल्या, "आजोबा, घड्याळ काढून दाखवा." मी काढलं. काटे बाराला पाच कमी असताना थांबलेले.

"मी सव्वादोन म्हटलं होतं."

"बाई, आमच्या देवळातलं घड्याळ असंच असतं. कधीपासून बंद आहे."

त्या हसल्या. काही मोठं नाही म्हणाल्या. पण डोकं रिकामं ठेवू नका. त्याला रोज काम द्या. शब्दकोडी सोडवा, पत्ते खेळा, नवीन काही शिका, चार माणसांत बसा. हट्ट्याचं कोणाला सांगू नका असं मी त्यांना विनवलं. बायकोलाही शपथ घातली.

गावात चार माणसांत बसायचं म्हणजे मारुतीच्या ओट्यावर. तिथे आम्ही तिघं असायचो: मी, माजी पोलीस पाटील आणि टेलर. पाटील माझ्या बरोबरीचा. टेलर आम्हा दोघांहून बराच लहान, पण मशीनवर मान मोडून मोडून आमच्या वयाला आला होता. मी डॉक्टरीणबाईंचं निरोप्याचं काम केलं. डोक्याला व्यायाम पाहिजे म्हणालो. कोणाच्या डोक्याला ते सांगितलं नाही.

पहिल्यांदा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आणलं. उभ्या शब्दावरून पाटलानं आणि टेलरनं आडवं भांडण काढलं. मग आकड्यांचं ते चौकटीचं कोडं आणलं. टेलरनं सगळ्या घरांत नऊ भरले आणि म्हणाला, "बराबर दिसून राहिलं की!" मग पत्ते. पत्त्यात पाटील पाय हलवून खुणा करायचा, आणि आम्ही दोघंच विरोधात असल्यामुळे त्या खुणा कोणाला करायचा ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

खरा खेळ आपोआप सापडला. एक दिवस एक अनोळखी माणूस बैल विचारत आला. पाटलानं विचारलं, "कोणाचे तुमी?" त्यानं बापाचं गाव सांगितलं, मामाचं सांगितलं, बायकोचं माहेर सांगितलं, आणि आम्ही तिघांनी तिथल्या तिथे तो टेलरच्या साडूच्या मेहुण्याचा व्याही निघतो हे शोधून काढलं. माणूस चहा पिऊन, बैल न घेता, पाव्हणा होऊन गेला. आमच्या अंगात वारं शिरलं. मी म्हटलं, हाच व्यायाम!

खेळाचं नाव आम्ही 'गाठ' ठेवलं. एकानं दोन माणसं सांगायची, कुठलीही, जिवंत नाही तर मेलेली. दुसऱ्यानं ती एकमेकांची कोण लागतात ते सोडवायचं. बोटं मोडायची नाहीत. बायकोला विचारायचं नाही. आणि तिसरा जो असेल तो तळहातावर तंबाखू मळणार. चुना लावला की वेळ सुरू, तंबाखू तोंडात गेली की वेळ संपली.

हा खेळ आम्हाला चढला. सकाळी हळदीला पाणी सोडून मी धावत ओट्यावर. हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी बसलो तरी डोक्यात आत्या, साडू, नणंदा, भावजया गरगर फिरायच्या. पाटील मध्येच फोन करून विचारायचा, "तुझ्या थोरल्या जावयाच्या मावसभावाची सासू अन् आपल्या सरपंचाची चुलती?" मी एका हातानं झारा धरून म्हणायचो, "विहिणी!" तो तिकडून म्हणायचा, "शाब्बास गड्या!" मला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. डोक्यात कोणी तरी झाडून सडा टाकून रांगोळी काढावी तसं. बायको म्हणायची, "चहात साखर घातली का न्हाई ते आठवंना, अन् लोकाच्या सासवा आठवतेत."

पण मी जिंकायला लागलो. रोज. पाटलाची तंबाखू जाड मळायची सवय होती, तो मळत असला की टेलरला जास्त वेळ मिळायचा. टेलर मात्र चिमूटभरच घ्यायचा आणि दोन रगड्यांत तोंडात टाकायचा. त्याच्या तंबाखूत जिंकणं म्हणजे जिंकणं. मी त्याच्याच तंबाखूत जास्त जिंकलो. लोक उभे राहून पाहू लागले. कोणी सोयरीक जमवायची असली की आधी माझ्याकडे. "आबा, जरा गाठ पाहा बरं." मी डोळे मिटायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण लोकांना ते आवडायचं. कुरुंद्याच्या ज्येष्ठ मंडळींनी तर मला भाषणाला बोलावलं: म्हातारपणी स्मरण तल्लख कसं ठेवावं. मी नव्या नेहरू शर्टाचं कापड टेलरकडे शिवायला टाकलं.

अशात टेलरच्या लेकीसाठी शिरड शहापूरहून पाहुणे आले.

ही त्याची शेंडेफळ. बाकीच्या लेकी कधीच सासरी गेल्या. ही दुकानात बापाच्या शेजारी बसून ब्लाउजवर भरतकाम करते आणि तोंडानं गिऱ्हाइकांचं भरतकाम करते. पोरगा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा. तिनं त्याला पाहिलं होतं, त्यानं तिला पाहिलं होतं, दोघांचे फोन सुरू झाले होते. बोलणी झाली होती. फक्त सुपारी फोडायची बाकी होती, आणि अडकित्ता पाटलाच्या हातात होता. मी लोडाला टेकून बसलो होतो. टेलरनं माझी ओळख करून देताना सांगितलं, "आमचे आबा. ह्यांच्या डोक्यात आख्खा जिल्हा आहे."

पोराची आई आनंदानं म्हणाली, "आमची आई लहानपणी तुमच्याच गावात ऱ्हायची, बरं का. तिच्या बापानं इथं पिठाची मशीन टाकली होती. लै आठवण काढायची. टेलरमामा, तुमच्या मायला ती आत्या म्हणायची. आत्यानं परकर शिवला, आत्यानं भाकर दिली. मरेपर्यंत आत्या-आत्या. म्हणून तर हे स्थळ आलं तवा मी लगेच व्हय म्हटलं."

सगळे हळवे झाले. इथे मी तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं. पण पोराच्या आजोबांनी कमरेची पिशवी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि सहज म्हणाले, "आबा, मग हे नातं कसं निघतं म्हणावं?"

चुना पाहिला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"पोराची आजी टेलरच्या मायला आत्या म्हणायची," मी सुरू केलं. "म्हणजे आजी ही आत्याच्या भावाची लेक. म्हणजे आजी अन् आपला टेलर हे मामे-आते बहीणभाऊ."

टेलर दबकत म्हणाला, "पर आबा, माझ्या मायला एकच भाऊ होता. त्याला लेकच न्हाई."

तंबाखू रगडल्याचा आवाज येत होता. हे आजोबा टेलरपेक्षाही भराभर मळत होते. आत्याचा दुसरा भाऊ मला आठवत नव्हता. डोक्यात मी सगळीकडे चाचपडलो; कुठेच नव्हता. त्यांचा अंगठा थांबला, त्यांनी तळहातावर थाप मारली, धूळ उडाली. आणि मी एक भाऊ करून टाकला.

"चुलत!" मी म्हणालो. "चुलतभाऊ होता तिला. मशीन घेऊन आला होता तो त्योच. तू पाळण्यात होतास, तुला काय ठाऊक?"

"असंल," टेलर म्हणाला. माझ्यापुढे तो आणखी काय म्हणणार?

"मग हिशोब सोपा," मी म्हणालो. मी जिंकण्याच्या इतका जवळ होतो की मला पुढचं दिसलंच नाही. "आजी अन् टेलर बहीणभाऊ. तर आजीची लेक, म्हणजे पोराची माय, अन् टेलरची लेक, म्हणजे नवरी, ह्या दोघी बहिणी. अन् मायची बहीण ती कोण?"

"मावशी," आख्खी बैठक एका सुरात म्हणाली.

आजोबांची तंबाखू तोंडापाशी गेली होती, ती तिथेच राहिली. मी वेळेच्या आत सोडवली होती. डोळे उघडून मी पाटलाकडे शाबासकीसाठी पाहिलं. पाटील अडकित्ता उघडाच धरून माझ्याकडे भूत पाहावं तसा पाहत होता. आतून पडद्यामागून नवरीचा आवाज आला, "कोणाची मावशी?"

पाहुणे वाईट बोलले नाहीत. पोराची आई डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं. पाप टळलं." आजोबांनी तर जाताना माझ्या पायाला हात लावला. सुपारी ताटात तशीच राहिली.

घरी येऊन मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "टेलरच्या मायला कोणी आत्या म्हटलं म्हणून ती आत्या झाली व्हय?"

"मग?"

"अहो, ती लेकरू घेऊन माहेरी आलेली. गावची लेक. तिला सारं गाव आत्या म्हणायचं. कुत्र्याला बोलता आलं असतं तर तेबी आत्या म्हटलं असतं. तुमी काय म्हणायचा तिला?"

 मला ती दिसली. दारात पाय पसरून सुईत दोरा ओवणारी. आणि आम्ही पोरं फाटक्या चड्ड्या घेऊन ओरडत येणारी: आत्या, बटण लाव! आत्या, भोक बुजव! जिल्ह्याच्या नात्यागोत्याची गणितं मी डोळे मिटून सोडवत होतो आणि ह्या बाईला मी स्वतः रोज आत्या म्हणत होतो ते मला आठवलं नव्हतं.

"पर तुमी म्हणता चुलतभाऊ होता," बायको म्हणाली. "होता का?"

मी म्हणालो, "असंल."

त्या 'असंल'ची मला आजही लाज वाटते. तेव्हाच उठून टेलरच्या घरी जायला पाच पावलं पुरली असती. पण कुरुंद्याचं भाषण तोंडावर होतं. म्हटलं, भाषण होऊ द्या, मग पाहू. ज्याला स्मरणावर बोलायचं आहे त्यानं आदल्या आठवड्यात जाऊन सांगायचं का, की मी एक माणूस मनानं जन्माला घातला? मी ओट्यावर जाणं बंद केलं. पाटलाला सांगितलं, गुडघा धरला आहे.

गावात मात्र मजा चालली होती. पोरं टेलरच्या दुकानावरून जाताना ओरडायची, "मावशी, खाऊ!" ती आतून कात्री वाजवायची. एकदा ती रस्त्यात भेटली. मी मान खाली घालून जाऊ लागलो तर म्हणाली, "आबा, थांबा की. एक विचारायचं होतं. त्यानं काल फोन केला होता. आता मी त्याला अहो म्हणू का लेकरा म्हणू?"

मी गुडघ्याला हात लावला.

"गुडघा दुसरा होता," ती म्हणाली. "काल तुमी उजव्या पायानं लंगडत होता."

भाषणाच्या दिवशी सकाळी शर्ट शिवून आला. अंगात घातला. आरशात पाहिलं, चष्मा ठेवायला खिसा चाचपला, खिसा नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बायको मागे उभी होती, तिला हसू आवरेना. खिसा पाठीवर होता. अगदी मधोमध, सुंदर दुहेरी शिवण घातलेला.

मी तसाच तावातावानं दुकानात गेलो. पोरगी मशीनवर होती. "हे काय?"

तिनं मान वर केली. "अगं बाई! खिसा कुठं असतो तेच आठवंना, आबा. मग म्हटलं, वेळ चाललाय, कुठं तरी लावून टाकू." आणि मग हसत नाही, रडत नाही, अशा आवाजात म्हणाली, "तुमी बी तसंच केलं ना?"

टेलर आत कापड कापत होता. त्याची कात्री थांबली.  इतकी वर्षं त्यानं माझी मापं घेतली. माझी कंबर वाढली, छाती आत गेली, खांदा उतरला, सगळं त्याला ठाऊक. मी कसा आहे ते त्याला त्या क्षणी कळलं असावं.

"टेलर," मी म्हणालो, "तुझ्या मायला चुलतभाऊ नव्हता. म्हणजे असंल नसंल, मला ठाऊक न्हाई. मी तो तिथल्या तिथं केला."

"काहून केला, आबा?"

"ते म्हातारं लै भराभर मळत होतं."

टेलरनं कात्री खाली ठेवली. मग पोरगी एवढ्यानं हसली की मशीनचा दोरा तुटला. मग म्हणाली, "मग हे मला सांगून काय करता? शिरड शहापूरला जाऊन सांगा."

कुरुंद्याची मंडळी हार घेऊन माझी वाट पाहत होती, आणि मी, माझी बायको आणि पाटील एका रिक्षात कोंबून उलट्या दिशेनं शिरड शहापूरला चाललो होतो. शर्ट बदलायचं राहून गेलं. बायकोनं पाठीवरच्या खिशात तिच्या पानाची पुडी ठेवली. म्हणाली, सोयीचा आहे.

शिरड शहापुरात आमचं स्वागत असं झालं की मला पळून जावंसं वाटलं. आजोबांनी स्वतः पाट मांडला. मी पाटावर न बसताच सांगून टाकलं, "मी चुकलो. ते नातं खोटं आहे. पोरगी मावशी लागत न्हाई."

आजोबा मंद हसले. "आबा, तुमचा मोठेपणा. पोरांचं वाईट वाटलं म्हणून तुमी आता असं म्हणून राहिले. पर आमाला कळतं. तुमच्यासारखा माणूस चुकणार न्हाई."

"चुकलो म्हणतो ना!"

"न्हाई, न्हाई. तुमी बराबर होता."

पाटलानं शपथ घेतली. आजोबा म्हणाले, पाटील तुमचे मित्र, तुमच्यासाठी शपथ घेणारच. तेव्हा बायको पदर खोचून पुढे आली.

"पाहुणं, मी सांगते. मी लग्न होऊन आले तवा टेलरच्या मायला मीबी आत्याच म्हणायचे. हेबी आत्याच म्हणायचे. ह्यांच्या हिशोबानं ती माझ्या बापाची बहीण अन् ह्यांच्याबी बापाची बहीण. म्हणजे आमचे बाप भाऊ-भाऊ. म्हणजे चार लेकरांची माय झाल्यावर मी ह्यांची चुलतबहीण निघाले! आता मी कुठं जाऊ, ते सांगा."

पोराच्या आईनं तोंडाला पदर लावला. आजोबा हलले, पण पडले नाहीत. "तरीबी," ते म्हणाले, "माणसाची स्मरणशक्ती एवढी दांडगी..."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. शपथ तिला घातली होती, मला नव्हती.

"माझी स्मरणशक्ती?" मी म्हणालो. "मी हट्ट्याला भलत्याच मांडवात जाऊन आलो. भलत्या नवरदेवाला आहेर दिला, बुंदी खाल्ली, भाषण केलं. घरी येईपर्यंत मला पत्ता न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या डोक्याला व्यायाम द्या, म्हणून हा सगळा खेळ."

कोपऱ्यात पोरगा बसला होता, इतका वेळ मान खाली घालून. त्याची मान वर आली. "हट्ट्याला? काळा गॉगलवाला नवरदेव?"

"व्हय."

"तुमी म्हणालात, ह्याच्या आजोबासंगट विहीर खणली?"

"व्हय बाबा."

त्यानं मोबाइल काढला. बोटानं वर-खाली केलं, आणि मोबाइल मध्ये ठेवला. त्यात मी होतो. टोपी डोळ्यांपर्यंत उतरलेली, म्हणून इतके दिवस कोणाला ओळखू आलो नव्हतो; हातात माइक, खांद्यावर टॉवेल. "सगळ्या तालुक्यात न्हाई!" मी ओरडत होतो. ते लग्न आजोबांच्या भाच्याच्या घरचं होतं. नवरदेवाचा आजोबा म्हणजे आजोबांचा मेहुणा, आणि त्यानं जन्मात कुदळ हातात धरली नव्हती. त्याचं सोडावॉटरचं दुकान होतं. गेले कित्येक महिने दोन्हीकडचे पाहुणे भांडत होते की ते म्हातारं कोणाकडचं. मुलीकडचे म्हणायचे मुलाकडचं, मुलाकडचे म्हणायचे मुलीकडचं.

आजोबांनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. त्यांचं पोट आधी हलू लागलं. मग खांदे. मग ते भिंतीला टेकून असे हसले की त्यांना ठसका लागला आणि सुनेला पाणी आणावं लागलं. पोरगा आधीच अंगणात जाऊन कोणाला तरी फोन करून ओरडत होता, "तू मावशी न्हाईस! अगं, न्हाईस!"

आजोबा डोळे पुसत म्हणाले, "बरं, मग खरं नातं काय?"

आणि त्यांनी सवयीनं तंबाखूची पिशवी काढली. चुना लावला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे डोळे मिटायला लागले होते. मी ते ताणून उघडे ठेवले.

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

ती सुपारी त्यांच्याच घरात, त्यांच्याच अडकित्त्यानं, पाटलानं फोडली.

खरं म्हणजे इथे माझी अब्रू जायला पाहिजे होती. तसं झालं नाही. मी आल्या वाटेवर सगळ्यांना खरं तेच सांगितलं, पण लोकांना ते पटेना. एवढ्या तल्लख माणसानं चुकावं कसं? मग त्यांनीच कारण शोधलं: परीक्षा घेतली. कुरुंद्याची मंडळी म्हणाली, भाषण सोडून पोरीचं लग्न जुळवायला गेला, केवढा माणूस! तेच पुढे न्हाव्यापर्यंत गेलं. मी दोन-चार वेळा दुरुस्त केलं, मग थकलो, आणि मग, खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला बरं वाटू लागलं. म्हणून हा कागद.

'गाठ' अजून चालू आहे. आता टेलरही बराच जिंकतो. 'ठाऊक न्हाई' म्हणायला परवानगी आहे; पाटील तर पहिल्या रगड्यालाच म्हणतो, त्याला आम्ही बाद धरतो. वसमतच्या डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा मी सव्वादोन बराबर काढले. म्हणाल्या, काय व्यायाम करता? सांगायला बसलो तर बाहेरचे पेशंट ओरडू लागले.

लग्न शिरड शहापूरला झालं. नवरीनं मला नवा शर्ट शिवला होता, खिसा पुढे. बायकोनं मला रिक्षातून उतरतानाच हाताला धरलं आणि मांडवापर्यंत हात सोडला नाही. मी दारावरची पाटी एकदा वाचली, पुन्हा वाचली, आत डोकावून टेलर दिसतो का ते पाहिलं. दिसला, अंगावर नवा कोट, स्वतःच शिवलेला, आणि रडून नाक लाल.

दारात टोप्या वाटणारा एक अनोळखी म्हातारा उभा होता. त्यानं टोप्यांचा गठ्ठा काखेत मारला, तळहातावर तंबाखू घेतली आणि मला विचारलं, "पाव्हणं, तुमी कोणाकडचे?"

मुलीचा बाप माझ्या आत्याचा लेक. मुलाच्या आजोबाच्या मेहुण्याबरोबर मी न खणलेली विहीर. मी त्याच्या तळहाताकडे पाहिलं. चुना अजून लागायचा होता.

"मळा निवांत," मी म्हणालो. "आठवून सांगतो."